स्वायत्त मज्जासंस्था आणि हस्तोपचार

विषाणुज्वर उतरून महिने लोटले तरी उभे राहताच ज्याचे हृदय धडधडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, अशा रुग्णाची ‘अशक्तपणा आहे’ एवढ्यावर बोळवण करणे हा अन्याय होय. कारण हृदयगती, रक्तदाब व पचन यांचा कारभार पाहणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचा तोल ढळल्याची ती लक्षणे असू शकतात.

कोविडनंतर जगभर ठळकपणे नोंदल्या गेलेल्या या विकाराची प्राथमिक परीक्षा यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावीही होऊ शकते. रुग्णास निजवून नाडी व रक्तदाब मोजावा, मग उभे करून १० मिनिटांपर्यंत पुन्हापुन्हा मोजावा. रक्तदाब न घसरता नाडी मिनिटास ३० ठोक्यांनी (१२ ते १९ वयात ४०) वाढून टिकली, तर ‘पॉट्स’चा, म्हणजे उभे राहताच नाडी अवाजवी वाढण्याच्या विकाराचा, संशय घ्यावा आणि यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पुढील तपासणी करवावी.

अशा रुग्णावरील हस्तोपचारांपैकी मान, पाठ व बरगड्यांवरील हलक्या मर्दनाने ताठरपणा आणि वेदना काही काळ उणावतात, आणि थकव्याने खचलेल्या माणसास मिळणारा तो दिलासा मी क्षुद्र मानीत नाही. तथापि मूळ बिघाड त्याने दुरुस्त होतो, असा भक्कम पुरावा नाही. मानेस झटका देणे तर टाळावेच, कारण मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्याने क्वचित फाटू शकते. मुबलक पाणी, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच जादा मीठ, दाब देणारे मोजे आणि निजून वा बसून हळूहळू वाढविलेला व्यायाम, हा मुख्य इलाज; मात्र श्रमानंतर दुसऱ्या दिवशी दुखणे बळावत असेल, तर व्यायामाची सक्ती करू नये.