सातबारा शोधणाऱ्याची वाट

उपयोगसुलभता म्हणजे संकेतस्थळाचा देखणेपणा नव्हे. ठरावीक माणसाला ठरावीक काम तेथे अचूकपणे, कमी श्रमांत आणि समाधानाने उरकता येते का, हे पाहणे म्हणजे उपयोगसुलभता, असा आयएसओ 9241-11 या आंतरराष्ट्रीय मानकाचा आशय आहे. भंडारा जिल्ह्याचे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस३वास’ या सामाईक साच्यावर उभे असून, या साच्याने मोबाइलवर नीट मावणारी पाने आणि अक्षरे लहानमोठी करण्याची सोय दिली, हे मान्यच करायला हवे. मात्र अशा साच्यात बहुतेकदा सूचनेचे शीर्षक तेवढे पानावर असते आणि मजकूर पीडीएफ फाइलमध्ये. ती फाइल सही-शिक्क्याच्या कागदाची नुसती स्कॅन प्रत असेल, तर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तिच्यात एकही अक्षर सापडत नाही, आणि मोठी केलेली अक्षरे शीर्षकापाशीच थांबतात. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी सांगितले, त्यामुळे ही केवळ सोयीची बाब राहिलेली नाही.

धानाच्या या जिल्ह्यात आधारभूत खरेदीच्या नोंदणीसाठी सातबारा लागतो आणि खरी कसोटी तेथे लागते. राज्याच्या ‘महाभूलेख’ या भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावर अनेक वर्षे पहिला प्रश्न महसूल विभागाचा राहिला: शेतकरी स्वतःला पवनी किंवा लाखांदूर तालुक्याचा समजतो, पण त्याला आधी ‘नागपूर’ हा विभाग निवडावा लागे, कारण क्रम प्रशासनाच्या उतरंडीचा होता. गट क्रमांक आठवत नसेल तर नावाने शोधता येते. परंतु ‘बांते’ आणि ‘बान्ते’ हे माणसाला एकच आडनाव वाटले, तरी संगणकाच्या लेखी त्या दोन निराळ्या अक्षरमालिका असतात, आणि मूळ नोंदीत कोणते रूप चढवले गेले हे शोधणाऱ्याला ठाऊक नसते. एवढे करून हाती आलेला मोफत उतारा केवळ माहितीपुरता असतो. अधिकृत कामासाठी चालणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा 15 रुपये भरून वेगळ्या संकेतस्थळावरून घ्यावा लागतो.

ही भानगड ई-सेवा केंद्रातील चालकाला तोंडपाठ असते, म्हणून तेथील रांग हटत नाही. पाच वापरकर्त्यांना काम करताना नुसते पाहिले तरी बहुतेक दोष उघडे पडतात, असे उपयोगसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2000 साली मांडले होते. ते पाच जण धान खरेदीच्या हंगामात लाखांदूरच्या कोणत्याही ई-सेवा केंद्रासमोर सकाळीच भेटतील.