टॅनाना चीफ्स कॉन्फरन्स
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अलास्का राज्याच्या अंतर्भागात राहणाऱ्या अथापास्कन आदिवासींची प्रादेशिक लोकविकास संस्था. नावाचा अर्थ ‘टॅनाना खोऱ्यातील प्रमुखांची परिषद’ असा असून, गावोगावच्या जमातींनी पाठविलेले प्रतिनिधीच तिचा कारभार पाहतात. मुख्य कार्यालय फेअरबँक्स येथे आहे. नफा हा हेतू नसलेली संस्था म्हणून तिची नोंदणी १९७१ मध्ये झाली. तथापि ज्या परंपरेतून ती निर्माण झाली, ती परंपरा त्याहून बरीच जुनी आहे. आरोग्यसेवा हे संस्थेचे सर्वांत मोठे कार्य असून शिक्षण, रोजगार, बालकल्याण, ग्रामसुरक्षा, जमातींना कायदेविषयक साहाय्य इ. कामेही ती करते.

संस्थेच्या कार्यक्षेत्राचा विस्तार सु. ६ लाख चौ. किमी. म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे. युकॉन, टॅनाना, कोयुकुक व कस्कोक्विम या नद्यांच्या खोऱ्यांत विखुरलेल्या, शासनमान्य अशा ३७ जमाती या क्षेत्रात येतात. कोयुकॉन, ग्विचिन, हान, टॅनाना इ. अथापास्कन भाषा येथे बोलल्या जात. आज त्यांचे भाषक मुख्यतः वृद्धच आहेत. बहुतेक गावांची वस्ती काही शेकड्यांपलीकडे जात नाही आणि बहुसंख्य गावांना रस्ता नाही. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून धावणारी हिमगाडी आणि एरव्ही लहान विमान, हीच दळणवळणाची साधने होत. याच प्रदेशातील प्रॉस्पेक्ट क्रीक येथे २३ जानेवारी १९७१ रोजी तपमान −६२·२° से. पर्यंत उतरले होते. सामन मासा, मूस व कॅरिबू यांवरच गावांचे खाणेपिणे पूर्वापार अवलंबून आहे. ऋतुमानानुसार मासेमारीच्या तळावरून शिकारीच्या तळावर जाण्याची ही जीवनपद्धती ध्यानात घेतल्यावाचून पुढील इतिहासातील प्रमुखांच्या भूमिकेचा उलगडा होत नाही.

टॅनाना व युकॉन या नद्यांच्या संगमावर वसंत ऋतूत निरनिराळ्या टोळ्या व्यापारासाठी व विचारविनिमयासाठी एकत्र येत. या स्थानास ‘नुचालावोय्या’ म्हणजे दोन नद्यांच्या भेटीची जागा असे म्हणत. १८६७ मध्ये रशियाने अलास्का ७२ लाख डॉलरना अमेरिकेस विकला, तेव्हा या टोळ्यांना कोणी विचारले नव्हते. १८८४ च्या कायद्याने आदिवासींच्या प्रत्यक्ष वहिवाटीतील जमिनींना धक्का लावू नये असे ठरले. परंतु त्यांच्या मालकीचा प्रश्न पुढील कायद्यावर सोपविण्यात आला. हा पुढील कायदा यावयास सत्त्याऐंशी वर्षे लागली. दरम्यान १९०२ मध्ये फेअरबँक्सच्या परिसरात सोने सापडले, गोऱ्यांची वसाहत वाढली आणि १९१५ मध्ये लोहमार्गाचे बांधकाम सुरू झाले.

याच वर्षी ५ व ६ जुलै रोजी फेअरबँक्स येथील जॉर्ज सी. टॉमस स्मारक ग्रंथालयात टॅनाना खोऱ्यातील प्रमुखांची जेम्स विकरशॅम यांच्याशी बैठक झाली. विकरशॅम हे पूर्वी न्यायाधीश होते व त्या वेळी अमेरिकी काँग्रेसमध्ये अलास्काचे मताधिकार नसलेले प्रतिनिधी होते. पॉल विल्यम्स यांनी दुभाष्याचे काम केले. वसाहतकारांची रीघ लागून चांगली जमीन त्यांच्याकडे जाईल, असा इशारा देऊन विकरशॅम यांनी दोन पर्याय पुढे ठेवले : एकतर सर्वांनी राखीव क्षेत्रात राहावे, किंवा १९०६ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येकाने १६० एकर (सु. ६५ हेक्टर) जमीन नावावर करून घ्यावी. टोलोव्हानाचे प्रमुख अलेक्झांडर, क्रॉसजॅकेटचे प्रमुख आयव्हन, मिंटोचे प्रमुख चार्ली, नेनानाचे प्रमुख टॉमस आदींनी दोन्ही पर्याय नाकारले. सतत हिंडून शिकार करणाऱ्या माणसाला एका जागी कोंडले तर तो जगणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मात्र ते केवळ नकार देऊन थांबले नाहीत. मुलांना धंदेशिक्षण देणारी शाळा, वैद्य आणि लोहमार्गावर व सरकारी कामांवर मजुरी यांची त्यांनी मागणी केली. बैठकीची शब्दशः टिपणे जतन झाली असल्यामुळे या प्रमुखांचे युक्तिवाद आजही वाचता येतात. त्यांवरून ते बुजरे वा अनभिज्ञ होते, असा समज टिकू शकत नाही. तत्काळ फळ मात्र फारसे काही मिळाले नाही.

प्रमुखांची परिषद नव्या रूपात भरली ती १९६२ मध्ये, टॅनाना या गावी. १९५९ मध्ये अलास्काला राज्याचा दर्जा मिळाला व १० कोटी २० लाख एकरांहून अधिक जमीन निवडून घेण्याचा अधिकार राज्यास देण्यात आला. त्याच कायद्याने आदिवासींच्या जमिनींवरील हक्क राज्याने सोडून दिला होता. या जमिनी नेमक्या कोणत्या, हे ठरलेलेच नसल्यामुळे दोन्ही तरतुदी एकमेकींस छेद देत होत्या. मिंटोच्या सरोवरांभोवती रस्ता व विहारस्थान करण्याच्या राज्याच्या योजनेस तेथील प्रमुख रिचर्ड फ्रँक यांनी विरोध केला. युकॉनवरील रँपर्ट येथील नियोजित धरणाचा जलाशय ईरी सरोवराहूनही मोठा होणार होता आणि त्याखाली अनेक गावे जाणार होती. ही योजना १९६७ मध्ये अंतर्गत व्यवहार मंत्री स्ट्यूअर्ट यूडल यांनी विरोधी अभिप्राय दिल्यावर मागे पडली. नेनानाचे अ‍ॅल केट्झलर (थोरले) यांच्या पुढाकाराने भरलेल्या टॅनाना येथील सभेतून ‘देना नेना हेनाश’ (आमची भूमी बोलते) ही संघटना उभी राहिली. चालू संस्था तिचीच उत्तराधिकारी होय. जमिनींचे वाटप थांबवावे असा अर्ज १९६३ मध्ये गावोगावच्या सह्यांनिशी यूडल यांच्याकडे गेला आणि १९६६ मध्ये त्यांनी अशी स्थगिती दिली.

प्रूडो उपसागराजवळ १९६८ मध्ये खनिज तेल सापडल्यावर जमिनीचा प्रश्न सोडविणे सर्वांनाच निकडीचे झाले. १८ डिसेंबर १९७१ रोजी मंजूर झालेल्या दावे-निवारण कायद्याने आदिवासींचे मूळ भूमिहक्क व त्याबरोबरच शिकार आणि मासेमारीचे मूळ हक्क संपुष्टात आले. मोबदल्यात ४ कोटी ४० लाख एकर (सु. १,७८,००० चौ. किमी.) जमीन व ९६ कोटी २५ लाख डॉलर मिळाले. तथापि हे सर्व जमातींना न मिळता त्यासाठी स्थापन झालेल्या प्रादेशिक व ग्राम-कंपन्यांना मिळाले. त्या दिवशी हयात असलेले आदिवासी हे या कंपन्यांचे भागधारक झाले. दुसऱ्या दिवशी जन्मलेले मूल भागधारक नव्हते. (१९८७ च्या दुरुस्तीने नव्या पिढीस भाग देण्याची मुभा मिळाली.) अलास्काच्या अंतर्भागासाठी स्थापन झालेली डोयॉन ही कंपनी सु. १ कोटी २५ लाख एकर जमिनीची धनी असून ती राज्यातील सर्वांत मोठी खासगी भूधारक आहे.

अशा रीतीने एकाच समाजाच्या डोक्यावर दोन संस्था आल्या : जमीन व नफा पाहणारी कंपनी आणि माणसांची सेवा पाहणारी नफाविरहित परिषद. पहिली भागधारकांना, तर दुसरी गावांना उत्तरदायी आहे. ही विभागणी सोयीची वाटली, तरी तिच्यामुळे परिषदेच्या हाती स्वतःची भूमी आली नाही. तिचे बळ जमातींच्या ठरावांतच आहे.

या ठरावांना कायद्याचे अधिष्ठान १९७५ च्या आदिवासी स्वयंनिर्णय अधिनियमाने मिळाले. संघशासन ज्या सेवा आदिवासींसाठी चालवी, त्या करार करून स्वतः चालविण्याचा व त्यासाठीचा निधी घेण्याचा अधिकार या अधिनियमाने जमातींना दिला. लहान गावास रुग्णालय किंवा रोजगार खाते चालविणे अशक्य असल्याने ग्रामपरिषद ठराव करून आपला अधिकार प्रादेशिक परिषदेकडे सोपविते. हा ठराव मागे घेता येतो आणि तो अधिकार केवळ कागदावर राहिलेला नाही. युकॉन फ्लॅट्समधील गावांनी १९८५ मध्ये आपली वेगळी परिषद स्थापून फोर्ट युकॉन येथील आरोग्यसेवा पुढे स्वतःकडे घेतली. संस्थेच्या संचालक मंडळावर प्रत्येक सदस्य गावाचा वा जमातीचा एक प्रतिनिधी असतो. वस्ती पन्नासची असो वा पाचशेची, मत एकच. वार्षिक सभा फेअरबँक्स येथे भरते व तीत प्रमुख पदाधिकारी निवडले जातात. दैनंदिन निर्णय कार्यकारी मंडळ घेते.

निवडणुकीच्या पदांहून निराळे असे ‘पारंपरिक प्रमुख’ हे मानाचे पद आहे. त्याला प्रशासकीय अधिकार नाहीत, पण सभेत त्याचा शब्द वजनदार असतो. डॉट लेकचे अँड्रू आयझॅक (मृ. १९९१), मिंटोचे पीटर जॉन (मृ. २००३) आणि चॅल्कीत्सिकचे डेव्हिड सामन (मृ. २००७) यांनी ते भूषविले. संस्थेच्या फेअरबँक्स येथील आरोग्यकेंद्रास आयझॅक यांचे नाव दिलेले आहे.

गावांतील आरोग्यसेवेचा कणा म्हणजे ग्राम-आरोग्य साहाय्यक. क्षयाच्या साथीच्या काळात औषधे वाटण्यासाठी गावातलीच माणसे नेमण्यात आली होती. त्यांतून १९६८ मध्ये अलास्काभर रीतसर कार्यक्रम उभा राहिला. हे साहाय्यक, ज्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, ठराविक प्रशिक्षणानंतर रोग्यास तपासतात व दूरच्या डॉक्टरच्या सल्ल्याने उपचार करतात. पूर्वी हा सल्ला लघुलहरी रेडिओवरून मिळे आणि ध्रुवीय प्रकाशाच्या काळात तो कित्येक दिवस बंद पडे. १९७१ मध्ये याच प्रदेशातील गावे एटीएस–१ या उपग्रहाद्वारे डॉक्टरांशी जोडण्याचा प्रयोग झाला. दूरवैद्यकाच्या इतिहासात त्याचा उल्लेख आवर्जून केला जातो. १९९४ मध्ये अलास्का आदिवासी आरोग्य करारावर सही करून संस्था राज्यव्यापी आरोग्यव्यवस्थेची भागीदार झाली. प्रमुखांनी १९१५ मध्ये मागितलेला वैद्य असा कालांतराने त्यांच्याच वारसांच्या नियंत्रणाखाली आला.

जमातींच्या कायदेशीर स्थानाविषयी मात्र पुष्कळ काळ संदिग्धता होती. १९९३ मध्ये संघशासनाने अलास्कातील गावांचा मान्यताप्राप्त जमातींच्या यादीत स्पष्ट समावेश केला. तरीही याच प्रदेशातील व्हेनेटी गावाच्या खटल्यात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या कायद्याखालील जमीन ‘आदिवासी क्षेत्र’ ठरत नाही असा निर्णय दिला. परिणामी तेथील जमातींना शासन म्हणून मान्यता आहे, पण बहुतांशी भूप्रदेशावर सत्ता नाही. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने कोविड-साहाय्याच्या वाटपापुरते नफा कमावणाऱ्या कंपन्यांनाही ‘जमात’ या संज्ञेत धरले. ग्रामपरिषदा आणि कंपन्या यांच्यातील तेढीचे मूळ या दुहेरीपणात आहे. २०२३ मध्ये संस्था ‘अलास्का फेडरेशन ऑफ नेटिव्ह्ज’ या राज्यव्यापी संघातून बाहेर पडली. डोयॉन कंपनीने तो त्याआधीच सोडला होता.

सेवांच्या बाबतीत संस्थेने बरेच साधले असले, तरी नदीवर तिचा अधिकार चालत नाही. मासेमारीचे नियमन राज्य व संघ ही दोन्ही शासने करतात. युकॉनमधील किंग व चम या जातींच्या सामन माशांची संख्या अलीकडे इतकी घटली, की २०२१ पासून गावांना निर्वाहापुरती मासेमारीही करता आलेली नाही, किंवा फारच थोडी करता आली. समुद्राचे वाढते तपमान, माशांतील रोग आणि बेरिंग समुद्रातील पोलॉक मासेमारीच्या जाळ्यात अनायासे सापडणारे सामन अशी अनेक कारणे सांगितली जातात. त्यांतील तिसऱ्या कारणाचा वाटा किती, हा वादाचा विषय आहे. बेरिंग समुद्रातील मासेमारीची मर्यादा ठरविणाऱ्या संघशासनाविरुद्ध संस्थेने युकॉन-कस्कोक्विम मुखप्रदेशातील ग्रामप्रमुखांच्या संघाबरोबर २०२३ मध्ये दावा दाखल केला. एप्रिल २०२४ मध्ये अलास्का व कॅनडा यांच्यातील कराराने युकॉनच्या मुख्य प्रवाहातील किंग सामनच्या मासेमारीवर सात वर्षांची बंदी घालण्यात आली. सात वर्षे म्हणजे माशाच्या एका जीवनचक्राचा काळ होय. त्या काळात नदीकाठच्या मुलांना जाळे टाकणे, मासा चिरणे व धुरी देणे कोठे आणि कसे शिकवावे, हा प्रश्न मासेमारीचे तळ ओस पडलेल्या गावांपुढे व त्यांच्या परिषदेपुढे उभा आहे.