अंगावरचा कपडा कशाचा?



अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आले ते ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे. वऱ्हाडात मात्र हे गाव ओळखतात ते कपाशीमुळे आणि पानमळ्यांमुळे. मागे तिकडे एका शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलो असता आम्ही सहज बोलून गेलो, "ऊस काय नि कापूस काय, दोन्ही साखरेचीच पिकं." म्हातारबा हसले. म्हणाले, "मंग साखर आंगात घालता येते काय जी?"

येते! आपण रोज तीच घालतो. कशी, ते पाहू. कारण हा प्रश्न गमतीचा असला तरी त्यात आपल्या जिवाशी संबंध असलेली एक गोष्ट दडलेली आहे.

झाडाच्या पानात उन्हाच्या बळावर साखर तयार होते. ऊस ती रसाच्या रूपाने कांड्यात साठवतो. पऱ्हाटी काय करते? ग्लुकोज नावाच्या साखरेचे हजारो मणी एकापुढे एक ओवून लांबलचक माळा बनवते आणि बोंडात साठवते. या माळेला सेल्युलोज म्हणतात. रुईचा सुमारे ९० टक्के भाग सेल्युलोजच असतो. आपल्या बॉयलरमध्ये जळणाऱ्या कोरड्या बगॅसमध्येही ते ४० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे धोतर आणि चिपाड हे एकाच घराण्यातले!

पावसाळ्यात साखरेचा डबा उघडा राहिला तर साखर ओलसर होते, हे घरोघरी ठाऊक आहे. साखरेला पाण्याची ओढ असते. तीच ओढ कापसालाही आहे. म्हणून सुती कपडा घाम टिपून घेतो व अंगाला गार वाटतो. मग तो पाण्यात विरघळत का नाही? कारण या माळा फार लांब असतात आणि शेजारी शेजारी एकमेकींना घट्ट धरून बसतात. उलट ओला झाल्यावर सुताचा धागा अधिक बळकट होतो. म्हणूनच धुण्याच्या दगडावर आपटलेले लुगडे वर्षानुवर्षे टिकत असे.

घोंगडीची लोकर वेगळी. ती प्रथिनाची, म्हणजे आपल्या केसांच्या जातीची. तिच्यात हवा कोंडून राहते, म्हणून ऊब मिळते.

आता टेरिलीन. व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली हा धागा शोधला. आज त्याच जातीच्या धाग्याला आपण पॉलिस्टर म्हणतो. तो प्रामुख्याने खनिज तेलातून निघालेल्या रसायनांचा बनतो. त्यात लागणारे ग्लायकोल मात्र मळीच्या अल्कोहोलपासूनही करता येते. काशीपूरच्या इंडिया ग्लायकॉल्स कारखान्याने ते केले आहे. पॉलिस्टरला पाण्याची ओढ जवळजवळ नाही. दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल धरते, तर पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून ते लवकर वाळते, चुरगळत नाही. पण उन्हात अंगाला चिकटते. टेरिकॉट म्हणजे या दोघांचे मिश्रण.

कपडा कशाचा, हे ओळखण्याची सोपी रीत आहे. काठाचा एक धागा चिमट्यात धरा, खाली पाण्याचे भांडे ठेवा आणि धागा ज्योतीला लावा. सूत कागद जळल्यासारखा वास देते, राख मऊ राहते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर मात्र वितळते आणि त्याची कडक गुठळी होते. हीच गुठळी पेटलेल्या कपड्यात अंगाच्या कातडीला चिकटते. सूतही पेटते, भराभर पेटते. पण ते वितळून चिकटत नाही. तेव्हा चुलीपुढे, गुऱ्हाळाच्या भट्टीपाशी आणि जळत्या फडाजवळ झुळझुळीत पॉलिस्टरची साडी वा सदरा नको.

आता मुख्य मुद्दा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. पण औषध श्वासावाटे जाते तसे कातडीतूनही अंगात भिनते, हे विसरून चालणार नाही. आपल्या उसावरही फवारणी होतेच.

साधा सदरा हे चिलखत नव्हे. जे सूत घाम टिपते, तेच फवाऱ्याचे पाणीही पिते आणि भिजलेला कपडा विष अंगालगत धरून ठेवतो. पॉलिस्टर पाणी पीत नाही, म्हणून काही जणांना ते बरे वाटते. पण पुष्कळशी औषधे तेलकट असतात आणि पॉलिस्टरला तेलाची आवड! तेलकट औषध धाग्याधाग्यातून पसरते आणि धुतले तरी सहजी निघत नाही.

तेव्हा अंगात लांब बाह्यांचा जाड सुती कपडा घालावा, त्यावर प्लॅस्टिकचा अंगरखा, हातात रबरी मोजे. कापडी मोजे नकोत. ते भिजले की विषाचा बोळाच हातात धरल्यासारखे होते. सुती कपड्याला खळ दिलेली असेल तर आणखी बरे. खळ पुष्कळसे औषध आपल्यात धरते आणि धुताना स्वतःबरोबर घेऊन जाते. गंमत अशी, की खळसुद्धा ग्लुकोजच्याच मण्यांची माळ, फक्त ओवण्याची तऱ्हा निराळी!

फवारणीचा कपडा अंगावर भिजला तर काम थांबवून तो आधी उतरवा आणि अंग साबणाने धुवा. काम संपल्यावर तो कपडा घरच्या धुण्यात टाकू नका. त्याच दिवशी, वेगळा, गरम पाण्यात साबणाने धुवा. आणि धुणाऱ्या माउलीच्या हातातही रबरी मोजे असू द्या. फवारतो एक आणि विष चढते दुसऱ्याला, असे होऊ नये.

त्या ओसरीवरून निघताना म्हातारबांनी आपल्या सदऱ्याच्या काठाचा धागा ओढून ज्योतीला लावून पाहिला. वितळला. "फवाऱ्याले हा नाही घालत आता," ते म्हणाले. सभासद बंधूंनीही आपल्या फवारणीच्या सदऱ्याचा एक धागा आज संध्याकाळी तपासून पाहावा, एवढीच विनंती.