यमुना गेली, रेवा आली

पुण्याजवळच्या हिंजवडी, माण, मारुंजी या पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या घरची लग्नपत्रिका हाती आली, तर मुहूर्त बघण्याआधी तिच्यातली नावं वाचावीत. सगळ्यात वर 'कै.' लागलेली मंडळी असतात: ज्ञानोबा, महादू, सोनाबाई, ठकूबाई. त्यांच्याखाली निमंत्रक म्हणून दत्तात्रय, बबन, शकुंतला. काका-मामा-आत्यांच्या रांगेत संतोष, सचिन, संगीता, वैशाली. नवरा-नवरी अक्षय आणि प्रियांका. आणि तळाशी, 'किलबिल' अशा मथळ्याखाली, लग्नाला यायचा आग्रह करणारी पोरंटोरं: शौर्य, रुद्र, आरोही, अन्वी. नदीनं कापलेल्या दरडीत मातीचे थर दिसावेत तसे शंभर वर्षांचे थर एका कागदावर. आडनाव तेवढं वरपासून खालपर्यंत तेच.

मजा पुढे आहे. याच गावांच्या शिवारात राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहिलं आणि त्याच्या आसपास वीस-वीस मजली इमारती आल्या. तिथं राहणारी कुटुंबं नागपूरची, विजयवाड्याची, लखनौची. त्यांच्या आज्या-आजोबांची नावं गावातल्या ज्ञानोबा-ठकूबाईंशी कुठंच जुळणार नाहीत. पण नातवंडं बघा. टॉवरमध्येही शौर्य आणि रुद्रच, आरोही आणि अन्वीच. आणि प्रत्येक आईबापाला वाटत असतं, की हे नाव आपण शोधून काढलं.

पूर्वी नाव शोधायचं नसे. ते घरातच ठेवलेलं असे, फक्त उचलून द्यायचं. आजोबा गेले की पुढच्या नातवाला आजोबांचं नाव. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, आणि बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी. संभाजी महाराजांच्या मुलाचंही मूळ नाव आजोबांवरून शिवाजी. तेच पुढे छत्रपती शाहू म्हणून ओळखले गेले. या पद्धतीत नाव मरत नाही, एक पिढी सोडून परत येतं. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही हा दंडक असल्यानं पोटच्या पोराला हाक मारायची पंचाईत व्हायची, ती आबा, नाना, बाळ, बापू अशा हाकांनी सुटायची. महाराष्ट्रात घरची नावं एवढी मुबलक का, याचं निदान एक कारण हे.

मुलींच्या बाबतीत नावांचा साठा आणखी लहान, पण टिकाऊ. हिंजवडीच्या जवळच्याच देहूत सतराव्या शतकात तुकोबांच्या मुलींची नावं होती काशी, भागीरथी आणि गंगा. तिन्ही गंगाकाठची. दोनशे वर्षांनंतरही चित्र फारसं बदललेलं नव्हतं. भारतातल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी (जन्म १८६५) माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे त्याच सुमाराच्या, त्याही माहेरच्या यमुना. लोकमान्यांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवाविवाह केला तो गोदूबाईंशी, त्या लग्नानंतर आनंदीबाई झाल्या. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं जायचं आणि माहेरची नदी तिथंच थांबायची.

या आनंदीबाईंची सून म्हणजे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. नाव तिथल्या इरावती नदीवरून. म्हणजे नदीच, पण पंचांगातल्या सात नद्यांच्या बाहेरची. आणि हे नाव सासरी पुसलं गेलं नाही. इरावतीबाईंची मुलगी लेखिका गौरी देशपांडे, जन्म १९४२. गोदू, इरावती, गौरी: एका घरातल्या तीन बायका, आणि बाई-प्रत्यय, नावबदल, नदी या तिन्ही गोष्टी टप्प्याटप्प्यानं गळत गेलेल्या. जे दोनशे वर्षं हललं नव्हतं ते पन्नास वर्षांत बदललं.

का बदललं, याची काही कारणं बारशाच्या पाळण्यापासून बरीच लांब, लोकसंख्येच्या तक्त्यांत आहेत. दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू ही नावं आज विनोदी नाटकात ऐकू येतात, पण ती ठेवणाऱ्यांना विनोद सुचत नव्हता. आधीची मुलं दगावलेली असत. देवाची किंवा दुष्टाची नजर या पोरावर पडू नये म्हणून त्याला मुद्दाम टाकाऊ नाव. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या शंभर बाळांपैकी वीसहून अधिक पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा आकडा हजारी सोळा आहे. दगडू नाव गेलं ते रुची सुधारली म्हणून नव्हे; लसी, दवाखाने आणि स्वच्छ पाणी यांनी त्याचं काम संपवलं.

दुसरा आकडा घरातल्या मुलांचा. सहा मुलं असताना एकाला आजोबांचं, एकाला कुलदैवताचं, एकाला गेलेल्या चुलत्याचं नाव देऊनही एखादं हौसेला उरायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं आहेत. आता सगळी हौस एका-दोन नावांत भागवायची. मग त्या नावाचा अर्थ हवा, आवाज हवा, वेगळेपण हवं, आणि जन्माक्षरही जुळायला हवं.

जन्माक्षराचंही गणित गमतीचं आहे. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून एकशे आठ अक्षरं. त्यात आर्द्रेच्या वाट्याला ङ आणि हस्ताच्या वाट्याला ण येतो. ङ वरून आजवर कोणाचं बारसं झालेलं नाही. जुन्या घरांत यावर साधा तोडगा होता: नावरस नाव पत्रिकेत, हाकेचं नाव वेगळं, आणि आत्या कानात कुर्रर्र करून हाकेचंच सांगायची. आता पालक मोबाईलवर अक्षर टाकतात आणि येणाऱ्या यादीतून निवडतात. यादी हिंजवडीत तीच, हैदराबादेत तीच.

निवड सुरू झाली की फॅशन सुरू होते, आणि फॅशनचं शास्त्र आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ स्टॅनली लीबरसन यांनी २००० मध्ये या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की नावांचे बदल पाहताना आपण बाहेरच्या घटना शोधतो, नट, नेते, खेळाडू. पण पुष्कळसा बदल आतूनच होतो. एखादा ध्वनी आवडू लागतो आणि त्याची भावंडं मागोमाग येतात. मराठीत याचे पुरावे घरोघरी आहेत. रमेश आला की सुरेश, महेश, दिनेश, राजेश. सुनीतामागून अनिता, सविता, कविता, संगीता. आणि आत्ता शिवांश, रेयांश, दिव्यांश. आईबाप शेजारच्या घरातलं नाव टाळतात, पण त्याचा शेवट उचलतात. वेगळेपणाच्या शोधात निघालेले सगळे एकाच गल्लीत भेटतात ते असे. अमेरिकेत २००५ च्या कॅटरीना वादळानंतर 'क'नं सुरू होणारी नावं वाढलेली आढळली. कोणी मुलीला वादळाचं नाव द्यायला निघालं नव्हतं. आवाज कानावर बसला होता, एवढंच.

प्रसिद्ध माणसांचा प्रभाव आपण किती फुगवतो, याचं उत्तम उदाहरण सचिन. आयटी पार्कमधल्या कुठल्याही कंपनीत चाळिशी ओलांडलेले चार सचिन सहज सापडतील, आणि त्यांच्या नावाचं श्रेय लोक बेधडक तेंडुलकरला देतात. पण तेंडुलकर कराचीत पहिली कसोटी खेळला १५ नोव्हेंबर १९८९ ला. त्याआधी जन्मलेल्या सचिनांचा त्याच्या बॅटशी काय संबंध? उलट खुद्द त्याचं नाव उसनं. कवी-प्राध्यापक असलेल्या वडिलांनी, रमेश तेंडुलकरांनी, ते संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलं. बंगाली नाव मराठी घरांत रुळत होतंच, त्या लाटेवर तोही एक. रमेश, सचिन, अर्जुन ही तीन पिढ्यांची ओळ मात्र मराठी मध्यमवर्गाचा नमुना म्हणून वर्गात शिकवावी अशी आहे.

मग नव्या नावांचं होतं काय? इंग्लंड-अमेरिकेतल्या बेंटली, हान आणि शेनन या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं, की पालक एकमेकांचं बघून नाव ठेवतात आणि अधूनमधून कोणीतरी अगदी नवं काढतं, एवढंच गृहीत धरलं तरी अमेरिकी नावांच्या तक्त्यासारखा तक्ता तयार होतो: मूठभर नावं अतिशय गाजलेली, हजारो नावं एकेकट्याची, आणि वरची मूठ सतत बदलती. नावात गुण असण्याची गरजच नाही. बर्गर आणि ल मॉन्स यांनी २००९ मध्ये फ्रान्स-अमेरिकेच्या शतकभराच्या नोंदी तपासल्या. जे नाव झपाट्यानं चढतं तेच झपाट्यानं उतरतं. लोकांना त्याचा लवकर वीट येतो. आजच्या रेयांश मंडळींचं पुढे काय होणार, याचा अंदाज त्यावरून बांधायला हरकत नाही.

तरीही सगळंच नकळत घडत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखोंनी बौद्ध धर्म स्वीकारला, आणि कचरू-धोंडूंच्या घरात सिद्धार्थ, राहुल, गौतम, मिलिंद, सुजाता, संघमित्रा आले. यातला मिलिंद तर मूळचा ग्रीक राजा मिनँडर. ही फॅशन नव्हती, निर्णय होता. तसाच निर्णय २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात झाला. मुलगा हवा असताना झालेल्या मुलींना 'नकुशी' म्हणत. अशा २८५ मुलींनी जाहीर कार्यक्रमात स्वतःसाठी नवी नावं घेतली. नकुशी हे नाव दगडूच्या शेजारचं वाटतं, पण दगडू मूल जगावं म्हणून ठेवत. हे त्याच्या अगदी उलट.

हिंजवडीत आज एक बदल कानानंच टिपता येतो. विठ्ठल, गोपाळ, धोंडिबा, तुळसा, ठकू यांतली घट्ट अक्षरं, ठ, ड आणि आपला लाडका ळ, किलबिलीतून जवळपास हद्दपार आहेत. इरा, मायरा, आर्या, रिया, कियान, विहान: स्वर आणि य, र, न यांच्यावरच बहुतेक कारभार. कारण समजायला अवघड नाही. नाव हिंदी बोलणाऱ्या बाईंना, तेलुगू शेजाऱ्यांना आणि पुढेमागे ऑस्टिनमधल्या साहेबाला उच्चारता यावं, रोमन लिपीत बसावं, अशी अपेक्षा असते. गंमत म्हणजे या गाळणीतून एक नदी पुन्हा आत आली आहे. रेवा, म्हणजे नर्मदा. शरयूही दिसते. यमुनेची मात्र अजून कोणाला आठवण झालेली नाही. आजीचं नाव जुनाट वाटतं, पणजीचं गोड, आणि यमुना अजून पुष्कळ जणांची आजीच आहे.

हे सगळं आकड्यांत मोजता आलं असतं तर बहार होती. अमेरिकेचं सामाजिक सुरक्षा खातं १८८० पासूनच्या जन्मांची नावं वर्षवार प्रसिद्ध करतं. आपल्याकडे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं बाळाची नोंद बिननावाची करता येते आणि नाव पंधरा वर्षांपर्यंत भरता येतं. अशी वर्षवार यादी मात्र निघत नाही. अभ्यासकांच्या हाती उरते मतदार यादी. तिच्यात वय असतं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, त्यामुळे मुलांच्या बाजूनं दोन पिढ्या एका ओळीत मिळतात. आईच्या नावाला त्या ओळीत सहसा जागा नव्हती. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रानं बाळाच्या नावानंतर आधी आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम सक्तीचा केला आहे. रेवाच्या दाखल्यावर आता स्नेहलही असेल आणि सचिनही.