पेढीची पत आणि परवलीचा शब्द

व्यापाऱ्याचे भांडवल दोन प्रकारचे असते. एक तिजोरीत ठेवता येते, त्यास आपण रोकड म्हणतो. दुसरे लोकांच्या मनात असते, त्यास पत म्हणतात. रोकड गेली तर मेहनतीने पुन्हा मिळविता येते, परंतु पत गेलेली पेढी पुन्हा उभी राहिल्याची उदाहरणे विरळा. आज हे दुसरे भांडवल लोकांच्या मनातून निघून मोबाईलच्या पडद्यावर, निरनिराळ्या क्रमांकांत आणि परवलीच्या शब्दांत विभागले गेले आहे. त्याची राखण कशी करावी, याचा विचार आमच्या सभासद बंधूंनी व त्यांच्या कुटुंबीयांनी करावा, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

हा प्रश्न आपल्यास नवा आहे असे मात्र कोणी समजू नये. हुंडीचा व्यवहार ज्यांनी केला, त्या आपल्या पूर्वजांनी तो आपल्या परीने सोडविला होता. धनीजोग हुंडीचे पैसे तीत नमूद केलेल्या धन्यासच द्यावयाचे, आणि शाहजोग हुंडीचे पैसे केवळ शाहास, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा गृहस्थासच द्यावयाचे, असा दंडक होता. शाहजोग हुंडी कितीही हातांतून फिरो, अखेर ती मांडणारा माणूस ओळखीचा असला पाहिजे. आणि ती खोटी वा चोरीची निघाल्यास त्या शाहाने घेतलेली रक्कम व्याजासह परत करावी, असा रिवाज होता. हुंडी पटली की ती खोका झाली. तिच्यावर दुसऱ्यांदा पैसे मिळावयाचे नाहीत. हुंडी हरवली तर पेठ लिहून द्यावयाची, पेठही हरवली तर परपेठ. परंतु पैसे मात्र तिन्हींपैकी एकीवरच. हे रिवाज इतके पक्के होते की १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टनेही देशी भाषांतील अशा दस्तऐवजांच्या स्थानिक रूढी पहिल्याच कलमात राखून ठेवल्या.

या पद्धतीत चार प्रश्नांची उत्तरे होती. समोरचा माणूस कोण? त्याच्या हातचा कागद खरा काय? तो पूर्वी वापरला गेला आहे काय? आणि तो हरवला तर पुढे काय? आजची सारी संगणकीय यंत्रणा याच चार प्रश्नांभोवती फिरत आहे.

ओळखीचा कागद बदलणे म्हणजे काय, हे सिल्वासाकरांइतके थोड्यांनीच अनुभवले असेल. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. त्या संग्रामात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी महाराष्ट्रातील मंडळीही होती. पुढे सात वर्षे हा मुक्त प्रदेश वरिष्ठ पंचायतीच्या कारभाराखाली राहिला, ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतीय संघराज्यात समाविष्ट झाला, आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्यासह एकच केंद्रशासित प्रदेश झाला. शिक्के बदलले, कागदांवरची नावे बदलली. तरी बाजारात माणूस माणसाला ओळखत होता, म्हणून व्यवहार अडला नाही. पुढे सुताचे व प्लास्टिकचे कारखाने उभे राहिले, दूरदूरच्या प्रांतांतून कामगार आले, आणि वापी स्थानकावर उतरणारा प्रत्येक चेहरा ओळखीचा राहिला नाही. ओळखीचा बाजार अनोळखी माणसांचा झाला, तेव्हा तोंडओळखीची जागा क्रमांकाने घेतली.

या क्रमांकांपैकी सर्वांत मोठा जो ‘आधार’, त्याचा आरंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी झाला. ज्यांच्यापाशी कोणताच कागद नाही त्यांस आपली ओळख पटविता यावी, हा त्यामागील एक हेतू होता. आधार बारा अंकांचा. पॅन दहा अक्षरांकांचा. त्यातील चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते. व्यक्तीस ‘पी’, हिंदू अविभक्त कुटुंबास ‘एच’, भागीदारी पेढीस ‘एफ’, कंपनीस ‘सी’. १ जुलै २०१७ पासून आलेल्या वस्तू व सेवा करातील नोंदणी क्रमांक पंधरा अक्षरांकांचा असून, त्याचे पहिले दोन अंक प्रदेशाचे (आपला संकेतांक २६), पुढील दहा पेढीच्या पॅनचे, आणि शेवटचे अक्षर पडताळ्याचे असते. पडताळ्याच्या अक्षरामुळे क्रमांक लिहिताना झालेली चूक उघडकीस येते. परंतु क्रमांक सांगणारा मनुष्य खरा आहे की तोतया, हे त्यावरून मुळीच कळत नाही.

येथे एक भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे. क्रमांक हे नाव आहे, किल्ली नव्हे. आपला पॅन आपण नोंदणी क्रमांकाच्या पोटात घालून प्रत्येक बिलावर छापतोच. तेव्हा ‘आपला पॅन मला ठाऊक आहे, आधार ठाऊक आहे, अर्थी मी बँकेचाच माणूस’ असे दूरध्वनीवरून सांगणाऱ्याच्या बोलण्यात पुराव्याचा अंशही नसतो. दुकानाच्या पाटीवरील नाव वाचणाऱ्यास कोणी तिजोरीची किल्ली देत नाही.

किल्ल्या निराळ्या आहेत: पासवर्ड, पिन, ओटीपी आणि अंगठ्याचा ठसा. ओटीपी हा एका अर्थी हुंडीसारखाच. तो एकदाच चालतो आणि वापरल्यावर खोका होतो. म्हणूनच ठकास तो वापरला जाण्यापूर्वी हवा असतो. तो ज्या सिमकार्डावर येतो ते कार्डच खरी किल्ली होय. आपल्या नावाने दुसरे सिमकार्ड कोणी काढल्यास आपला मोबाईल एकाएकी निर्जीव होतो आणि निरोप परक्याच्या हाती पडू लागतात. मोबाईलची सेवा अकारण बंद पडली तर ‘नेटवर्क नसेल’ म्हणून स्वस्थ न बसता तत्काळ चौकशी करावी. एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयबाबत एवढेच सांगतो की, पैसे देण्यास पिन लागतो, घेण्यास लागत नाही. ‘रक्कम पाठविली आहे, स्वीकारण्यासाठी पिन घाला’ असे जो सांगेल तो आपल्याच खात्यातून पैसे काढीत आहे असे समजावे.

ठशाची गोष्ट अधिक नाजूक आहे. पूर्वी निरक्षराने अंगठा करावयाचा. आता साक्षराचाही अंगठा ही त्याची किल्ली झाली आहे. पासवर्ड उघड झाला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. नोंदणी झालेल्या दस्तांवरील ठशांवरून बनावट ठसे तयार करून लोकांच्या खात्यांतील पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडले आहेत. आधारमधील ठशांची पडताळणी बंद करून ठेवण्याची, म्हणजे जणू कुलूप लावण्याची, सोय आधार प्राधिकरणाने ठेवली आहे. ज्येष्ठ मंडळींसाठी तिचा अवश्य उपयोग करावा.

बँका मोठ्या, त्यांची यंत्रे मोठी, तेव्हा आपण निर्धास्त असावे, असे कोणास वाटेल. त्याने पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला आठवावा. बनावट कार्डे २८ देशांतील यंत्रांत घालून आणि नंतर परदेशी खात्यात रक्कम वळवून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. ‘या कार्डावर पैसे द्यावेत काय?’ हा प्रश्न बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचलाच नाही. मध्येच बसविलेल्या तोतया यंत्रणेने ‘द्यावेत’ असे उत्तर दिले. म्हणजे प्रश्न विचारला गेला होता, पण तोतयालाच. पडताळणी करावयाची ती कोणाकडे, हाही पडताळणीचाच भाग आहे, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

आमच्या व्यापारात हाच प्रकार लहान प्रमाणावर नित्य घडतो. जुन्या पुरवठादाराच्या नावाने पत्र येते, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे रक्कम या खात्यात भरावी.’ बिलाचा नमुना तोच, सहीही तशीच. अशा वेळी पत्रात दिलेल्या क्रमांकावर चौकशी करू नये. आपल्या वहीत पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर करावी. संशयित हुंडी आली की आपला माणूस पाठवून खात्री करून घ्यावयाची, हीच ती जुनी रीत. त्याचप्रमाणे, पोलीस वा न्यायाधीश असल्याची बतावणी करून पडद्यावरच ‘अटक’ करणाऱ्या ठकांच्या धाकाला कोणी बळी पडू नये. अशा ‘डिजिटल अटके’ची कोणतीही तरतूद कायद्यात नाही.

आतापर्यंत आम्ही आपल्या रक्षणाविषयी लिहिले. याहून कठीण भाग पुढेच आहे, कारण आपण केवळ किल्लीचे धनी नाही, दुसऱ्यांच्या किल्ल्यांचे राखणदारही आहोत. आपल्या कारखान्याच्या, गोदामाच्या, भाड्याच्या खोल्यांच्या दप्तरात शेकडो कामगारांच्या आधारपत्रांच्या नकला पडलेल्या असतात. कित्येक नकला उघड्या टेबलावर असतात, कित्येक मोबाईलवरून हातोहात फिरतात. अशाच कागदांच्या आधारे गरिबांच्या नावाने बनावट पेढ्यांची करनोंदणी होते. त्यांच्या शोधासाठी १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळात देशभर खास मोहीम काढावी लागली. बनावट पेढीचा सूत्रधार दूर राहतो आणि नोटीस येते ती महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या मजुरास. उलट बाजूने, अशा पेढीचे बिल आपण बेसावधपणे घेतले तर भरलेल्या कराची वजावट धोक्यात येते. म्हणून नव्या पुरवठादाराचा क्रमांक कराच्या संकेतस्थळावर तपासून, नोंदणी चालू आहे की रद्द, हे पाहूनच व्यवहार करावा.

कायद्यानेही आता या राखणदारीची दखल घेतली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. दुसऱ्याची माहिती योग्य रीतीने न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. परंतु आमच्या मते दंडाच्या भयापेक्षा जुना पेढीधर्म पुरेसा आहे. एका आसामीचे खाते दुसऱ्यास दाखवावयाचे नाही, हा नियम प्रत्येक मुनिमास तोंडपाठ असे. तोच नियम कामगाराच्या कागदास लावावा.

व्यवहारात करावयाचे ते असे. जेथे चालते तेथे केवळ शेवटचे चार अंक दिसणारे आधारपत्रच घ्यावे. सोळा अंकी आभासी क्रमांकाचीही सोय आहे. नकलेवर कोणत्या कामासाठी घेतली ते व तारीख लिहावी. काम संपल्यावर, कायद्याने ठेवणे आवश्यक नसल्यास, ती फाडून टाकावी. रद्दीत देऊ नये. बँकेचा आणि कराचा पासवर्ड एकच नसावा, व तो भिंतीवरील दिनदर्शिकेवर तर नसावाच. हिशेबनीस काम सोडून गेला की त्याच दिवशी किल्ल्या बदलाव्या. करनोंदणीत पेढीचा मोबाईल म्हणून सल्लागाराचाच क्रमांक दिलेला असल्यास तो बदलून घ्यावा. घराची किल्ली शेजाऱ्याकडे एखादे वेळी ठेवतात, कायमची ठेवीत नाहीत.

एवढे करूनही फसगत झालीच तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर व बँकेस त्याच घटकेस कळवावे. पैसे पुढील खात्यांत पांगण्यापूर्वी अडविले गेले तरच परत मिळण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकाने, दोष ग्राहकाचा नसेल व त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर त्यास नुकसानीची झळ लागू नये, असे ठरविले होते. फसगत झालेल्या बंधूची थट्टा न करता त्याचा अनुभव इतरांस कळविणे, हे आपल्यासारख्या मंडळाचे काम आहे. बाजारात खोटी हुंडी फिरते आहे ही वार्ता पूर्वी संध्याकाळच्या आत प्रत्येक पेढीवर पोहोचत असे.

दिवाळीस आपण वहीपूजन करतो, नव्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक काढतो. त्याच मुहूर्तावर प्रत्येक पेढीने वर्षातून एकदा आपल्या किल्ल्यांचीही मोजदाद करावी: कोणता पासवर्ड कोणाकडे आहे, कोणाच्या नावाची किती सिमकार्डे आहेत, कपाटात कोणाकोणाचे कागद पडून आहेत. घरातील तरुण मुलामुलींनी वडीलधाऱ्यांशेजारी बसून हे काम करावे. त्यांस यंत्राची माहिती आहे, वडिलांस माणसांची पारख आहे. अशी शिरस्त्याने मोजदाद सुरू झाली, तर या स्मरणिकेची काही पाने सत्कारणी लागली असे आम्ही समजू. सर्व सभासदांस व त्यांच्या परिवारास नूतन वर्ष सुखाचे व निर्धोक जावो.