आधी प्रश्न, मग प्रदर्शन

क्युरेटर म्हणजे चित्रे निवडून भिंतीवर लावणारा जाणकार, असा सर्वसाधारण समज आहे. ओक्वुई एन्वेझोर (१९६३–२०१९) यांची कारकीर्द पाहिली की तो अपुरा वाटतो. नायजेरियात जन्मलेले एन्वेझोर अमेरिकेत राज्यशास्त्र शिकले. १९९४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह आफ्रिकी समकालीन कलेला वाहिलेले ‘न्का’ हे नियतकालिक काढले. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात आफ्रिकी छायाचित्रकारांचे प्रदर्शन भरले, त्याच्या क्युरेटरांत ते होते. मालीच्या सेदू केइतांची स्टुडिओतली छायाचित्रे त्यात होती. मागे पडदा म्हणून नक्षीदार पलंगपोस, अंगावर ठेवणीतले कपडे, मनगटावर घड्याळ, शेजारी रेडिओ. परक्यांनी टिपलेली आफ्रिका पाहत आलेल्या प्रेक्षकांना इथे आपली छबी आपणच ठरवणारी माणसे भेटली. प्रदर्शनाने इतिहासाविषयी एक दावा केला होता आणि पुरावाही समोर ठेवला होता.

जर्मनीतल्या कासेलमध्ये दर पाच वर्षांनी शंभर दिवस भरणाऱ्या ‘डॉक्युमेंटा’त हा विचार पुढे गेला. एन्वेझोर यांनी घडवलेल्या २००२ च्या अकराव्या आवृत्तीत प्रदर्शन हा पाचवा टप्पा होता. आधीचे चार मुख्यतः चर्चेचे: व्हिएन्ना-बर्लिनमध्ये लोकशाही, दिल्लीत सत्यशोधन आणि न्याय, सेंट लुसियात संस्कृतींची सरमिसळ, लागोसमध्ये आफ्रिकी शहरे. हिंसेनंतर समाज एकत्र कसा जगतो, हा दिल्लीतला प्रश्न कासेलमध्ये अमर कंवर यांच्या वाघा सीमेवरच्या माहितीपटात डोळ्यांना दिसत होता.

अशाने प्रदर्शनाचा वर्ग होतो, पाहण्याचा आनंद हरवतो, हा आक्षेप पोकळ नाही. कासेलमधल्या फिल्म एका दिवसात पाहून होण्यासारख्या नव्हत्या. सुमारे साडेसहा लाख लोक आले, पण गर्दी म्हणजे आकलन नव्हे. तरी कंवरांचा माहितीपट कळायला दिल्लीतली भाषणे ऐकलेली असावी लागत नाहीत. काय दाखवायचे हे ठरवताना संशोधन कामी आले. त्यातून काय घ्यायचे हे प्रेक्षकाच्या हाती राहिले.

दुसरा आक्षेप असा, की अध्यापन, संशोधन, प्रदर्शन या तीन दगडांवर पाय ठेवणाऱ्याचे एकही काम धड होत नाही. एन्वेझोर २००५ ते २००९ या काळात सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटचे अधिष्ठाता होते. त्याच काळात, २००८ मध्ये, त्यांनी दक्षिण कोरियात ग्वांगजू बिनाले केले. मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे त्यात सहक्युरेटर होते. जगभर नुकतीच झालेली काही प्रदर्शनेच तिथे पुन्हा मांडली गेली, म्हणजे प्रदर्शन हाच अभ्यासाचा विषय झाला. शिकवणाऱ्याची ही सवय क्युरेटरच्या कामात अडसर ठरली नाही; उलट आपली निवड कशावर उभी आहे, हे उघड करायला तिनेच भाग पाडले. क्युरेटरला जाब विचारायचा तर प्रेक्षकालाही तेवढाच आधार लागतो.