वाऱ्याला दिलेली वाट

१९३८ साली जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या नगर प्रशासनाने एक हवामानतज्ज्ञ नोकरीवर घेतला. उद्या पाऊस पडेल का, हे सांगायला नव्हे. घरं कुठे बांधावीत आणि कुठे मुळीच बांधू नयेत, हे सांगायला. त्या काळी ही चैनच वाटली असेल. पण शहराची अडचण खरी होती. जुनं गाव खोलगट दरीत वसलेलं, भोवती डोंगर, मोकळी बाजू तेवढी नेकार नदीकडची. दरीचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरवर, तर आसपासचे माथे ५०० मीटरच्याही वर. वारा मुळातच मंद, त्यामुळे धूर तळाशी साचून राही. पुढे मर्सिडीझ, पोर्श आणि बॉशच्या या गावात मोटारींच्या धुराची भर पडली.

शहराला आधार होता रात्रीच्या थंड हवेचा. सूर्य मावळला की डोंगरावरची कुरणं आणि द्राक्षमळे भराभर निवतात. त्यांना टेकलेली हवाही गार होते, जड होते आणि उतारावरून खाली सरकू लागते. हा काही सोसाट्याचा वारा नव्हे. चालत्या माणसालाही तो अनेकदा मागे टाकू शकत नाही. इमारतींची रांग आडवी आली की तिथेच अडतो. ओढ्यात भराव घातला तर तुंबलेलं पाणी निदान दिसतं. तुंबलेली हवा कोणाला दिसत नाही.

ती दिसावी म्हणून शहराच्या हवामान विभागाने नकाशे केले. यर्गन बाउम्युलर हे या विभागाचे दीर्घकाळ प्रमुख होते. थंड हवा कुठे तयार होते, कोणत्या घळीतून उतरते आणि कुठे अडखळते, हे एका नकाशावर. दुसऱ्यावर थेट सूचना: इथे बांधकाम नको, इथे इमारतींत अंतर ठेवा. सपाट छतांवर माती आणि हिरवळ घालण्यासाठी शहर १९८६पासून अनुदान देत आलं आहे.

नकाशे आपल्याकडेही कमी नाहीत. प्रश्न असतो तो नकाशा कोणाच्या टेबलावर जातो याचा. श्टुटगार्टमध्ये हा विभाग पालिकेतच बसतो आणि नव्या विकास आराखड्यांवर त्याचं मत घेतलं जातं. जर्मनीच्या बांधकाम कायद्यानुसार आराखडा करताना हवामानाचा विचार करावाच लागतो. २०११च्या दुरुस्तीने ते आणखी स्पष्ट केलं. २००७मध्ये डोंगरउतारांवरच्या बांधकामाला लगाम घालणारा वेगळा आराखडा आला. शहरातल्या सर्वांत महागड्या जमिनींपैकी काही याच उतारांवर आहेत, हे लक्षात घेतलं तर त्यातलं धाडस कळतं.

थंड हवेला पालिकेची हद्द कळत नाही. म्हणून १९९४मध्ये स्थापन झालेल्या, थेट निवडून आलेली सभा असलेल्या प्रादेशिक मंडळाने २००८मध्ये १७९ गावा-शहरांचा मिळून हवामान नकाशासंग्रह काढला. प्रादेशिक आराखड्यातले हिरवे पट्टे तिथल्या पालिकांवर बंधनकारक असतात. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत. असं बंधन पाळायला त्यांना लावायचं, या कल्पनेनेच अनेकांना घाम फुटेल.

श्टुटगार्टचं फार कौतुकही नको. नेकारटोर हा तिथला चौक प्रदूषणासाठी देशभर बदनाम झाला. २०१६पासून सूक्ष्म धूलिकणांचे इशारे द्यावे लागले आणि २०१९मध्ये जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घालावी लागली. वाऱ्याला वाट दिली म्हणून धुराचा उगम थांबत नाही. २०१०मध्ये नव्या रेल्वे स्थानकासाठी राजवाडा उद्यानातले जुने वृक्ष तोडले गेले, तेव्हा मोठा संघर्ष पेटला. हे उद्यान शहराच्या हिरव्या पट्ट्याचाच भाग.

हाँगकाँगने दुसरी वाट धरली. २००३च्या सार्स साथीनंतर दाटीवाटीच्या वस्तीत हवा खेळते की नाही, हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न झाला आणि २००६पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी वायुवीजनाची तपासणी सुरू झाली.

मुंबई १९६८पासून श्टुटगार्टची भगिनी-नगरी आहे, पण तिचा वारा समुद्रावरून येतो. तिथे हाँगकाँगचा धडा जास्त जवळचा. श्टुटगार्टशी खरं साम्य पुण्याचं. निरभ्र रात्री टेकड्यांच्या कुशीतलं पाषाण शिवाजीनगरपेक्षा गार असतं, हे पुणेकर जाणतात. पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतल्या सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. जमीनमालकांना मोबदला किती आणि कशाच्या रूपात, यावर ते वर्षानुवर्षं रेंगाळलं. टेकड्या वाचवू पाहणारे झाडं, पक्षी आणि भूजल यांचा हिशेब मांडतात. त्यात उतरणाऱ्या थंड हवेचीही मोजणी जोडली, तर टेकडीपासून दूर पेठेत पंखा लावून झोपणारा माणूसही या वादातला पक्षकार ठरेल.